परण्यापुढे वाजणारे देश

मराठवाड्यात लग्न लागण्याआधी नवरदेव गाजावाजात मारुतीच्या दर्शनाला जातो, त्याला परण्या म्हणतात. तुळशीचं लग्न झालं की परभणी, सेलू, मानवत, गंगाखेड, पूर्णा, कुठेही तिथीच्या दिवशी उभे राहा, परण्या दिसेलच. घोड्यावर नवरदेव, त्याच्यापुढे नाचणारी पोरं आणि त्यांच्यापुढे बँड. मास्तर क्लॅरिनेट वाजवतो. त्याच्यामागे ट्रंपेटवाले, मग पोटाशी भलंमोठं पितळ धरलेला युफोनियमवाला, साइड ड्रम, गळ्यात अडकवलेला मोठा ढोल आणि झांज. थोडा पैसा जास्त असेल तर टेम्पोवर कॅसिओ, ऑक्टोपॅड आणि बेंजो. घराण्याची रीत म्हणून कडेला हलगी आणि सनई.

या एवढ्या घोळक्यात किती देश उभे आहेत याचा हिशेब कुणी मांडत नाही. क्लॅरिनेट जर्मनीचं. न्यूरेंबर्गच्या डेनर नावाच्या कारागिराने ते १७०० च्या सुमारास घडवलं. ट्रंपेटच्या कळा मागाहून बसल्या, त्यांचं पेटंट १८१८ मध्ये प्रशियात निघालं. युफोनियमही जर्मनीतलंच, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचं. मोठा ढोल आणि झांज ही जोडी तुर्कांची. बेंजो जपानचा, कॅसिओ आणि ऑक्टोपॅडही जपानचे. हलगी तेवढी इथली, शेळीच्या कातड्याची.

मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. खुश्रू सनतूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मारात बिसेनगालिएव यांनी तो २००६ मध्ये उभा केला. वर्षातून दोन हंगाम, फेब्रुवारी आणि सप्टेंबर. देशोदेशीचे वादक तेव्हा मुंबईत येतात, आणि कुठल्या रात्री कुठल्या देशाचं संगीत वाजणार हे आधी छापून मिळतं. ही रचना कुणाची, ती कुठल्या साली झाली, वाद्य कुठून आलं, सगळं त्या पुस्तिकेत असतं. परभणीच्या लगीनसराईलाही बँडवाले सीझनच म्हणतात, पण त्या सीझनची पुस्तिका निघत नाही. म्हणून हा मागोवा.

सुरुवात हलगीपासूनच करायला हवी, कारण बँड येण्याआधी परण्यापुढे तीच होती. हलगी म्हणजे हातभर व्यासाचं लाकडी किंवा लोखंडी कडं आणि त्यावर ताणलेलं कातडं. वाजवण्याआधी पाचट पेटवून ती शेकतात. कातडं तापलं की आवाज तडतडीत होतो, ढिलं पडलं की पुन्हा आगीपुढे धरतात. उजव्या हातात आखूड काठी, डाव्या हातात बोटांमध्ये धरलेली बारीक लांब काडी. काठीने ठेका आणि काडीने त्याची झालर. ही हलगी मातंग समाजाकडे पिढ्यान्‌पिढ्या होती. गावच्या जत्रेत, लग्नात, मयतीत वाजवणं हे त्यांचं काम ठरलेलं, आणि मोबदला सुगीतल्या धान्याच्या वाट्यावर. ज्याच्या हलगीशिवाय देव पालखीत बसत नसे, त्याला पंगतीत बसता येत नसे. पुढे परदेशी वाद्यांचं स्वागत इथे ज्या प्रकारे झालं, ते हे लक्षात घेतल्याशिवाय कळत नाही.

हलगीच्या शेजारी संबळ. परभणीचे गोंधळमहर्षी राजारामबापू कदम यांचं नाव महाराष्ट्रभर गेलं ते याच संबळ-तुणतुण्याच्या गोंधळामुळे. संबळ ही दोन तोंडांची जोडी, एक लहान, एक मोठं. असली जोडनगारी इराण-अरबस्तानापासून हिंदुस्थानपर्यंत सगळीकडे आहेत, आणि धर्मयुद्धांच्या काळात, तेराव्या शतकात, ती अरबांकडून युरोपात गेली. आज सिंफनी ऑर्केस्ट्रात सगळ्यात मागे तांब्याचे मोठे नगारे दिसतात, ते त्याच घराण्यातले. सनईचंही तसंच. तिची भावंडं पश्चिम आशियातून युरोपात पोचली आणि तिथल्या ओबोची पूर्वज झाली. म्हणजे बँड साहेबाने आणला हे खरं असलं, तरी तो पूर्णपणे साहेबाचा नव्हता. पूर्वेकडून गेलेल्या वाद्यांचाही त्यात वाटा होता.

सगळ्यात मोठा वाटा उस्मानी तुर्कांचा. त्यांच्या जानिसारी फौजेपुढे मेहतर नावाचा ताफा चाले. मोठे ढोल, नगारे, झांजा, सनईच्या जातीची झुर्ना. व्हिएन्नाच्या वेशीवर हा आवाज ऐकलेल्या युरोपीय राजांनी अठराव्या शतकात आपापल्या पलटणींमध्ये ढोल, झांज आणि त्रिकोण घेतले. मोझार्टने १७८२ मध्ये तुर्की जनानखान्यावर ऑपेरा लिहिला तेव्हा त्यात हाच बाज वापरला, आणि बेथोव्हनच्या नवव्या सिंफनीच्या शेवटच्या भागात, १८२४ मध्ये, ढोल-झांज-त्रिकोणाची ती तुर्की चाल ऐकू येते. दोन वर्षांनी, १८२६ मध्ये, सुलतानाने जानिसारी फौजच मोडून काढली आणि तिच्याबरोबर मेहतरही गेला. तोवर त्याचा ढोल इंग्रजांच्या पलटणींपुढे हिंदुस्थानात पोचलेला होता.

इथे हा बँड मराठी माणसाने फार लवकर उचलला, पण परभणीपासून दूर, तंजावरात. सरफोजीराजे दुसरे १७९८ ते १८३२ या काळात गादीवर होते. पाश्चात्त्य संगीताचा त्यांना मनापासून नाद. त्यांच्या दरबारी इंग्रजी पद्धतीचा बँड होता, आणि युरोपातून मागवलेली स्वरलिपीची पुस्तकं आजही सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. त्याच दरबाराच्या आसऱ्याने व्हायोलिन कर्नाटक संगीतात रुजलं, आणि तंजावरच्या चार संगीतकार भावांपैकी वडिवेलू त्या वाद्यासाठी नावाजले गेले. याच राजाने मराठीत ‘देवेंद्र कोरवंजी’ नावाचं गेय नाटक लिहिलं. त्यात कोरवंजी, म्हणजे भविष्य सांगणारी भटकी बाई, जगाचा भूगोल गाऊन सांगते. देशोदेशीची ओळख गाण्यातून करून द्यायची ही कल्पना मराठीत दोनशे वर्षांपूर्वी येऊन गेली आहे आणि शाळेच्या पुस्तकात तिचा पत्ता नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

परभणीकडे मात्र बँड राजाच्या हौसेतून आला नाही. तो छावणीतून आला असं मानायला सबळ जागा आहे. हा सगळा मुलूख निजामाचा. इंग्रजांनी निजामाच्या खर्चाने जी हैदराबाद कंटिंजंट फौज ठेवली, तिची एक मोठी छावणी हिंगोलीला होती. हिंगोली १ मे १९९९ रोजी वेगळा जिल्हा झाली, त्याआधी ती परभणी जिल्ह्यातच. दुसरी छावणी शेजारच्या मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला. अधिकारी इंग्रज, शिपाई देशी, कवायत इंग्रजी. असल्या पलटणीचा दिवस बिगुलावर उगवे आणि बिगुलावर मावळे. १८५३ च्या तहात याच फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांकडे गेला, आणि १९०३ मध्ये ही फौज इंग्रजांच्या हिंदी लष्करात विलीन होऊन हिंगोलीची छावणी उठली. छावण्या उठतात तेव्हा शिपाई पेन्शन घेऊन गावी जातात, पण बिगूल आणि ढोल वाजवायला शिकलेल्या माणसाला पोटासाठी दुसरीकडे वाजवावं लागतं. देशभर लग्नाचे बँड असेच उभे राहिले. मेरठच्या नादिर अली कंपनीचा इतिहास तेच सांगतो. लष्करी बँडमधल्या माणसाने १८८५ मध्ये जाळी कोठी भागात ती सुरू केली, आणि तिथे पितळी वाद्यं बनू लागल्यावर विलायतेहून मागवण्याची गरज उरली नाही. निजामाच्या गोदावरी खोरे रेल्वेने १९०० च्या सुमारास मनमाड आणि सिकंदराबाद जोडलं, परभणी त्या वाटेवर आली, आणि उत्तरेचं पितळ इथवर पोचायला रस्ता झाला.

निजामाच्या फौजेत आणखी एक आवाज होता, आणि तो इंग्रजी नव्हता. येमेनच्या हद्रमौत भागातून आलेले अरब शिपाई. त्यांचे वंशज चाऊस मराठवाड्यात आजही आहेत, परभणीत आहेत, आणि त्यांची मराठी तुमच्या-माझ्यासारखीच आहे. त्यांनी मर्फा आणला. छोटे नगारे, ढोल आणि काठ्यांचा ठेका, त्यावर तलवारी-जंबिये घेऊन नाच. हैदराबादेत मर्फा लग्नाचा भाग झाला, मुसलमानांच्या आणि हिंदूंच्याही. परण्यापुढे पोरं ज्या अंगाने उसळून नाचतात त्यात मला हलगी दिसते आणि मर्फाही दिसतो. हे सिद्ध करता येणार नाही, पण दोन्ही ऐकलेल्या माणसाला विचारून पाहा.

आता पेटीकडे येऊ, कारण परभणी जिल्ह्यात तिच्याइतकं घराघरांत शिरलेलं दुसरं परदेशी वाद्य नाही. गंगाखेड हे जनाबाईंचं गाव. तिथल्या भजनाला आज पेटी नाही असं होत नाही. परभणीत हजरत तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस दर फेब्रुवारीत भरतो, तिथल्या कव्वालीत पेटी. १४ एप्रिलच्या भीमगीतांत पेटी. गोष्ट अशी की हवेने थरथरणारी मोकळी पट्टी हे चिनी शेंग वाद्याचं तत्त्व. अठराव्या शतकात शेंग युरोपात पोचला आणि तिथल्या कारागिरांनी त्या पट्टीवर प्रयोग सुरू केले. १८४० च्या दशकात पॅरिसच्या देबॅनने हार्मोनियमचं पेटंट घेतलं. ते पायाने भाता मारायचं, खुर्चीवर बसून वाजवायचं वाद्य. कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भाता मागे, हाताखाली आणला आणि पेटी जमिनीवर बसली. मांडी घालून बसणाऱ्या, एका हाताने वाजवून तोंडाने गाणाऱ्या माणसाला हेच हवं होतं. चीन, फ्रान्स, बंगाल आणि मग गंगाखेडचं भजन, एवढा प्रवास त्या लाकडी खोक्यात आहे.

तिच्यावर रागही कमी झाला नाही. पेटीचे स्वर ठोकळेबाज, मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, ही शास्त्रीय गायकांची तक्रार रास्त होती. आकाशवाणीने १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली आणि ती तीस वर्षांवर टिकली, १९७१ मध्ये सैल झाली. पण भजनी मंडळाने, कव्वालाने, शाहिराने त्या बंदीची दखल घेतली नाही. माझं मत विचाराल तर त्यांचंच बरोबर होतं. पाचशे माणसांच्या मांडवात, ध्वनिक्षेपकाशिवाय, गाणाऱ्याला आधार देणारं आणि एका माणसाला डोक्यावर घेऊन पुढच्या गावाला जाता येईल असं दुसरं वाद्य तेव्हा कुठे होतं?

बेंजोची कथा छोटी पण तशीच. नागोया शहरात गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये टाइपरायटरच्या कळा तारांवर बसवून ताइशोगोतो नावाचं घरगुती वाद्य केलं. ते आपल्याकडे बुलबुलतरंग आणि बेंजो म्हणून आलं, कव्वालीत बसलं, मग त्याला वीज जोडली आणि ते टेम्पोवर चढलं. जपानमध्ये घरात बसून हलक्या हाताने वाजवतात ते वाद्य इथे चौकात हजार लोकांना नाचवतं.

आकाशवाणीचा विषय निघाला आहे तर तिच्या सुरावटीबद्दलही सांगायला हवं. परभणीला आकाशवाणीचं स्वतःचं केंद्र आहे. सभा सुरू होण्याआधी तंबोऱ्यावर तरंगत येणारी ती व्हायोलिनची धून परभणीच्या दोन पिढ्यांनी शाळेला आणि शेताला निघताना ऐकली आहे. ती वॉल्टर कॉफमन या चेकोस्लोव्हाकियातल्या ज्यू संगीतकाराने बांधली. कॉफमन १९०७ मध्ये कार्ल्सबादला जन्मले, नाझींच्या सावलीतून निघून १९३४ मध्ये मुंबईत आले, आणि १९३७ पासून १९४६ पर्यंत मुंबई रेडिओवर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख होते. मुंबईत त्यांनी चेंबर म्युझिक सोसायटी काढली, मेहली मेहतांसारख्या वादकांना बरोबर घेऊन मैफली केल्या. हिंदुस्थानी रागांचा पुढे त्यांनी मोठा अभ्यास केला. आसरा मागायला आलेल्या एका परक्या माणसाने देशाला जाग आणणारी धून दिली, हे परभणीच्या प्रत्येक शाळेत सांगावं असं आहे.

मुंबईत तेव्हा गोव्याचे वादक होते म्हणून हे सगळं उभं राहिलं. पोर्तुगीज अमलात गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये पोरांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत. ती पोरं मुंबईच्या हॉटेलांत, संस्थानांच्या बँडमध्ये आणि मग सिनेमात गेली. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी १९५१ च्या ‘अलबेला’त चिक चॉकलेट या गोव्याच्या ट्रंपेटवादकाच्या ताफ्याला पडद्यावरच उभं केलं, आणि लॅटिन अमेरिकेचे ठेके मराठी गावांत पोचले. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये शंभराहून अधिक वादकांचा ऑर्केस्ट्रा उभा करून मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजात रागांवर आधारलेल्या सिंफनी रचना सादर केल्या. त्यांच्या ताफ्याचं नाव इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा होतं, एनसीपीएच्या ऑर्केस्ट्राच्या आधी अठ्ठेचाळीस वर्षं. तो टिकला नाही. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ मध्ये ‘अमर अकबर अँथनी’च्या गाण्यात गुरूचं नाव अमर केलं, आणि ते गाणं बँडवाल्यांच्या वहीत गेलं.

बँडवाल्यांची वही म्हणजे हिंदी सिनेमा, असं म्हणून लोक नाक मुरडतात. पण सिनेमातूनच त्यांच्याकडे जग आलं. ‘छाया’ (१९६१) मध्ये सलील चौधरींनी मोझार्टच्या चाळिसाव्या सिंफनीची सुरुवात घेऊन युगुलगीत केलं. जुना क्लॅरिनेटवाला मास्तर ते वाजवतो तेव्हा तो मोझार्ट वाजवत असतो, आणि क्लॅरिनेट हे मोझार्टचं शेवटच्या वर्षांतलं लाडकं वाद्य होतं. २०१६ मध्ये ‘सैराट’ आला. अजय-अतुल यांनी त्यातला सिंफनीचा भाग हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर तिथल्या वादकांकडून वाजवून घेतला. वर्षाच्या आत ती गाणी परण्यापुढे होती. लॉस एंजेलिसच्या साठ-सत्तर वादकांचं काम परभणीत एक कॅसिओ आणि दोन ट्रंपेट करत होते, आणि नाचणाऱ्याला काही उणं वाटत नव्हतं.

स्वरलिपी न वाचता हे कसं होतं ते एकदा जवळ बसून पाहण्यासारखं आहे. मास्तर मोबाइलवर गाणं लावतो. दोनदा ऐकतो, तिसऱ्यांदा क्लॅरिनेटच्या कळांवर फुंक न मारता बोटं फिरवतो. मग पट्टी ठरवतो, कारण मूळ पट्टी पितळेला सोयीची असेलच असं नाही. ट्रंपेटवाल्यांना चाल तोंडाने गाऊन देतो, ओळीमागून ओळ. दोन कडव्यांमधले व्हायोलिनचे तुकडे क्लॅरिनेट स्वतः घेतं, चेलोचा भाग युफोनियम सांभाळतं. साइड ड्रमवाल्याला काही सांगावं लागत नाही. संगीतशाळेत ज्याला वाद्यमेळ रचणं म्हणून शिकवतात, ते हा माणूस सुपारी मिळाल्यापासून हळदीपर्यंतच्या वेळात करतो.

हे वाजवणारे कोण? बहुतेक ठिकाणी हलगी-सनई वाजवणाऱ्यांचीच मुलं-नातवंडं, त्यांच्याबरोबर मुसलमान वादक आणि इतर गरीब घरांतले. हलगी जन्माने गळ्यात पडायची, तिला नाही म्हणता येत नसे. डॉ. आंबेडकरांच्या चळवळीनंतर, विशेषतः १९५६ च्या धर्मांतरानंतर, असंख्य घरांनी गावकीची हीन ठरवलेली कामं निग्रहाने सोडली, वाजवणंही त्यात आलं. ज्यांनी वाजवणं धरून ठेवलं त्यांना बँडने वेगळी वाट दिली. क्लॅरिनेटला कुणाची जात चिकटलेली नव्हती. अंगात गणवेश, डोक्यावर तुरा, धान्याच्या वाट्याऐवजी ठरवून घेतलेली रोख सुपारी, आणि नावामागे ‘मास्तर’. वाद्य परदेशातून आलं म्हणून हे शक्य झालं. ते पूर्ण झालं असं मात्र नाही. आजही बँडची पंगत शेवटी, बरेचदा मांडवाबाहेर.

आता डीजे आला आहे. भिंतीएवढ्या स्पीकरला दम लागत नाही, जेवण लागत नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद केले, निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा घातली, पण ती पाळली जात नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. लोक बँड कमी माणसांचा मागतात, मग युफोनियम जातो, मग दुसरा ट्रंपेट जातो. ऑकलंड विद्यापीठाच्या ग्रेगरी बूथ यांनी भारतीय लग्नाच्या बँडवर २००५ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. न्यूझीलंडहून माणूस येऊन लिहून गेला, तर आपल्या तालुक्यातल्या म्हाताऱ्या मास्तरांकडे जाऊन तासभर त्यांचं बोलणं आणि वाजवणं मोबाइलवर नोंदवून ठेवणं आपल्याला अवघड नाही. कुणाकडे शिकले, वाद्य कुठून घेतलं, आजा काय वाजवत होता, एवढं विचारलं तरी पुष्कळ.

आणि एक मागणं. आपल्याकडच्या लग्नपत्रिकेत आपले नम्र, व्यवस्थापक, स्वागतोत्सुक, प्रेषक अशी पन्नास नावं सहज छापतात. यंदा घरात कार्य असेल तर त्यात बँडच्या मास्तरांचं आणि त्यांच्या साथीदारांचं नाव वाद्यासह छापा, आणि त्यांना पहिल्या पंगतीला बसवा.